मांडव ओलांडून गेलेला नवरदेव

एका गावात लग्न ठरलेला एक मुलगा होता. उभ्या आयुष्यात त्याने सायकलच चालवली होती, पण लग्न ठरलं आणि स्वारीच्या डोक्यात हवा शिरली. नवरीच्या गावात घोडीवरून मिरवायचं नाही, शर्यतीच्या मोटारसायकलवरून मिरवायचं, असं त्याने ठरवलं. शहरातून लालभडक, डरकाळ्या फोडणारी गाडी आली.

मामाचा जन्म गाड्या दुरुस्त करण्यात गेलेला. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि सांगितलं, की गाडी उत्तम आहे, पण तुझ्या हाताला अजून झेपायची नाही. आधी वर्षभर माझी जुनी फटफटी चालव. भाच्याने नाक मुरडलं. तिला म्हणे दुधाच्या किटल्यांचा वास येतो. पंधरा दिवस त्याने गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर नवी गाडी पळवली आणि आपल्याला सगळं येतं असं समजून बसला. सरळ पळवायला काय लागतं हो? मूठ पिळली की झालं.

आता नवरीच्या गावची रीत अशी, की नवरदेवाने मारुतीच्या देवळातून निघायचं आणि मांडवापर्यंत प्रत्येक दारापुढे थांबून ओवाळून घ्यायचं. दारं सत्तावीस. म्हणजे सत्तावीस वेळा थांबायचं, सत्तावीस वेळा निघायचं, तेही सनईवाल्याच्या मागून मुंगीच्या पावलांनी. नेमकं हेच आपले चिरंजीव शिकले नव्हते.

पहिल्या दारी गाडी बंद पडली. दुसऱ्या दारी ती आचके देत सनईवाल्याला ढुसण्या मारू लागली. पाचव्या दारापर्यंत नवरदेव घामाने चिंब. नवव्या दारी एका आजीबाईंनी हौसेने अक्षता टाकल्या, त्या थेट डोळ्यात गेल्या. तो दचकला, क्लच सुटला, मूठ पिळली गेली आणि गाडी उधळली. जितका तो घाबरे तितकी मूठ घट्ट धरी, आणि तितकी गाडी जोरात पळे. सनईवाला ओट्यावर चढला म्हणून वाचला. मांडवाच्या दारात नवरीचे वडील हार घेऊन उभे होते. त्यांच्या नाकासमोरून जावई धुरळा उडवत निघून गेला.

नवरा पळाला, नवरा पळाला, अशी बोंब उठली. वडील मटकन खाली बसले. मुहूर्ताला अर्धा तास उरला होता, आणि तो टळला तर पोरीची जन्मभर चर्चा होणार होती. नवरीला रडू आलं, रागही आला. तिने शालूचा पदर खोचला आणि आपली जुनी मोपेड काढली. त्या मोपेडवरून ती रोज डेअरीला दूध घालायची.

गावाबाहेर रस्ता वळला होता, गाडी वळली नव्हती. ती कडब्याच्या गंजीत अर्धी घुसली होती आणि शेजारी नवरदेव बसला होता, बाशिंग कानावर आलेलं, कोपर खरचटलेलं.

"पळून निघाला होतात का?" तिने विचारलं.

"नाही गं. थांबायचंच होतं. थांबवता येईना."

तिला हसू आलं, पण तिने ते दाबलं. नवरा स्वतः गाडी चालवत परतला म्हणजे लोकांची तोंडं बंद होतील, असा विचार करून तिने मोपेड त्याच्यापुढे केली. त्याने हँडल धरलं. नवरीच्या मागे बसून गेलं तर दोन गावं हसणार, हे त्याला दिसत होतं. मग त्याने हँडल सोडलं.

"तूच चालव," तो म्हणाला. "मला येत नाही."

दोन गावं हसली, पोट धरून हसली. मुहूर्त मात्र टळला नाही. त्या हशात नवरीचे वडील डोळे पुसत व्याह्यांना म्हणाले, "पोरीची काळजी मिटली. येत नाही ते कबूल करणारा जावई मिळालाय."

तात्पर्य सांगायचं तर एवढंच: गाडी किती पळते हे विकणारा सांगेल, आपल्याला ती किती आवरते, हे घेण्याआधी आपलं आपणच विचारावं.