बाराव्या मजल्यावरचे उंदीर

फार पूर्वीची गोष्ट. पण लिफ्ट होती, म्हणजे तितकीही पूर्वीची नसावी. एका उंच इमारतीमागच्या वस्तीत एक मांजरी आणि तिची लेक ठिपकी राहायच्या. "चढायला शीक, म्हणजे कुठेही पोहोचशील," असं आई रोज सांगायची. ठिपकी पत्रे, पाइप, विजेचे खांब, सगळं चढायला शिकली. उंदीर तर ती झोपेतही पकडायची.

एकदा बातमी आली, की बाराव्या मजल्यावर उंदीर झालेत आणि तिथे एक मांजर ठेवून घेणार आहेत. ठिपकी अंग चाटूनपुसून निघाली. पण इमारतीच्या भिंती काचेच्या, तिथे नखं लागेनात. मग ती फाटकाशी गेली.

"कुणाकडे जायचंय?" रखवालदार कुत्र्याने विचारलं.

"उंदरांकडे, काका."

"त्यांनी बोलावलंय का? वरच्या कुणाची तरी ओळख लागते गं बाई."

"पण वर गेल्याशिवाय ओळख कशी होणार?"

कुत्रा गोंधळला. याचं उत्तर त्याला कुणी सांगून ठेवलं नव्हतं. तेवढ्यात एक गुबगुबीत बोका मालकिणीच्या कडेवर बसून लिफ्टमध्ये शिरला. ती जागा त्यालाच मिळाली. उंदीर दिसला की तो पलंगाखाली लपतो म्हणे.

ठिपकी परतली. "आई, माझं चढण्यात काय चुकलं?"

आईने तिची नखं पुन्हा पुन्हा तपासली. चांगली धारदार होती. आता हिला कडेवर बसायला शिकवावं, असं तिच्या मनात आलं. पण ते तिला स्वतःलाच येत नव्हतं.