पेटीची भूक

फार पूर्वी, तुमच्या-माझ्या पणज्यासुद्धा जन्मल्या नव्हत्या तेव्हा, एका डोंगराच्या पायथ्याशी छापेकऱ्यांचं एक गाव होतं. लहानांनी ऐका, आणि लहानांच्या आयांनी जरा जास्तच कान देऊन ऐका, कारण ही गोष्ट एका आईची आहे.

त्या गावात घरोघर लुगडी छापायचे. लाकडी ठसा रंगात बुडवायचा, कापडावर ठेवायचा, वरून मुठीने ठोकायचा. रंग चार. पिवळा हळदीचा आणि डाळिंबाच्या सालीचा. तांबडा मंजिष्ठेच्या मुळीचा. काळा म्हणजे गंजकं लोखंड गुळाच्या पाण्यात मुरवून केलेला. आणि निळा रांजणातला.

हा निळा रांजण जिवंत होता म्हणा ना. दह्याला जसं विरजण, तशी त्यात नीळ आंबवलेली असायची. रोज मूठभर गूळ आणि थोडा चुना मिळाला की रांजण खुशीत, वर तांबूस फेस धरायचा. उपाशी राहिला की रुसायचा, फार उपाशी राहिला की मरायचा. आणि मेलेल्या विरजणाने जसं दही लागत नाही, तसा मेलेल्या रांजणातून नवा रांजण लागत नाही. म्हणून गावाने वार लावून घेतले होते. आज या घराचा वार, उद्या त्या घराचा. रांजणाजवळ एक म्हातारी बसायची, तिला सगळे आत्याबाई म्हणायचे.

गावाची आणखी एक रीत होती. विरजण कोणी विकत नाही ना? तसा तिथे रंगही कोणी विकत नव्हतं. ज्याला लागेल त्याने लोटा भरून न्यावा. रंगालाही किंमत असते हे त्या गावाला ठाऊकच नव्हतं. रीत चांगली होती. पण ध्यानात ठेवा, तिच्यामुळेच पुढे घात झाला.

त्या गावात एक तरुण बाई राहायची. नवरा तापाने गेलेला. पदरात एक लहान मुलगी, घरात ठसे, गोठ्यात बकऱ्या, अंगणात कोंबड्या. बाई कामाला वाघीण, पण मनाने फार भित्री. मुलीला शिंक आली तरी ही वैद्याकडे धावायची.

एकदा रांजणाचा वार तिच्या घरी होता. ती गूळ फोडत होती, तेवढ्यात पोरीने खेळता खेळता कळीच्या चुन्यात अंगठा घातला. किंकाळी ऐकून आई धावली. तूप लावलं, फुंकर घातली. जखम भरली, पण अंगठ्यावर डाग राहिला, लुगड्याच्या काठावर असते तशी इवलीशी कोयरी.

आईने तो डाग पाहिला, मग स्वतःचे हात पाहिले. चुन्याने फाटलेले, नखं निळी पडलेली. ती मनाशी म्हणाली, "काही झालं तरी माझ्या लेकीचे हात असे होऊ द्यायचे नाहीत."

तेव्हापासून तिला दुसरं काही सुचेना.

पुढे जत्रा भरली. जत्रेत दोन व्यापारी आले, आणि दोघांकडे नवलाची एक-एक पेटी. पेटीत एका बाजूने कोरं कापड सारायचं, मूठ फिरवायची, की दुसऱ्या बाजूने चाररंगी छापलेलं लुगडं बाहेर. ना ठसा, ना चुना, ना निळी नखं!

एक व्यापारी घोंगडी पांघरलेला. त्याची पेटी काळी, ओबडधोबड. तो म्हणाला, "हिला दुभती गाय पडेल. महाग आहे, मी नाही म्हणत नाही. पण हिला तोंड मोठं आहे. तुमच्या लोट्यातला रंग ओता, चालेल."

दुसरा लाल पगडीवाला. त्याची पेटी तांबडीलाल, पितळी फुलं जडवलेली. तो हसून म्हणाला, "माझ्या पेटीला एक कोंबडी द्या. वर चार रंगांच्या चार कुप्या माझ्याकडून आहेर!"

गाव चकित झालं. मग सगळ्यांनी मिळून दोन्ही पेट्यांची पारख मांडली. दोन्हीकडची लुगडी उन्हात शेजारी-शेजारी पसरली. कोणाची रेघ बारीक? लालवाल्याची. कोणाची पेटी हलकी? लालवाल्याची. कोणाची मूठ भरभर फिरते? लालवाल्याचीच.

बाईची जाऊ कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "अगं, एकीकडे गाय आणि एकीकडे कोंबडी. यात विचार तो काय करायचा? घोंगडीवाल्या दादा, तुमच्या पेटीत शेणही मिळतं का हो, गायीच्या मोलाचं?"

सगळे खो खो हसले. घोंगडीवाला खाली मान घालून बसला.

तेवढ्यात काठी टेकत आत्याबाई पुढे आल्या. लाल पेटीभोवती फिरल्या आणि म्हणाल्या, "सगळं पाहिलंत रे. पण हिला खायला काय लागतं, ते कुणी विचारलंत का?"

"आजी," पगडीवाला म्हणाला, "ती पोट भरूनच आलीय. या चार कुप्या बघा ना."

"आणि त्या संपल्यावर?"

"संपल्यावर मी आहेच की! लेकासारखा येईन."

"आत्याबाईंना सगळ्या जगाला गूळच भरवायचाय," जाऊ म्हणाली, आणि पुन्हा हशा पिकला.

रंग म्हणजे लोटा भरून न्यायची गोष्ट. त्याचं मोल विचारायचं असतं हे ना जावेला सुचलं, ना त्या आईला. ती तर लेकीच्या अंगठ्याकडेच बघत होती. तिने अंगणातली तुरेवाली कोंबडी दिली आणि लाल पेटी डोक्यावर घेऊन घरी आली. हळूहळू घरोघर लाल पेट्या आल्या. घोंगडीवाला आपली काळी पेटी गाडीत टाकून निघून गेला.

सुरुवातीचे दिवस सणासारखे गेले. आई मूठ फिरवी, लेक अंगणात खेळे. तिचे हात कसे, सोललेल्या शेंगदाण्यासारखे स्वच्छ! जुने ठसे आईने पाणी तापवायला चुलीत घातले. चांगलं शिसवीचं लाकूड, छान जळलं.

एका सकाळी आत्याबाई दारात उभ्या राहिल्या. "सूनबाई, आज तुझा वार."

"आता कशाला आत्याबाई? पेटी आहे ना."

"रांजणाला पेटी कळत नाही ग. त्याला भूक कळते."

"आणि त्या चुन्यात पुन्हा माझ्या पोरीचा हात जाऊ दे, असंच ना?"

म्हातारी दुसऱ्या दारी गेली. तिथेही हेच. एकेक करून सगळ्यांनी वार चुकवले. म्हातारीने आपल्या घासातला गूळ घातला, पण एका तोंडाचा घास गावाच्या रांजणाला कितीसा पुरणार? फेस विरला, वास बदलला, आणि रांजण गेला. त्याच्यामागे आत्याबाईही फार दिवस राहिल्या नाहीत. शेतातली मंजिष्ठा उपटून लोकांनी तिथे वांगी लावली.

आणि मग कुप्या संपल्या. बाहेरून मडक्याएवढ्या दिसणाऱ्या त्या कुप्या आतून वाटीएवढ्याच होत्या. भिंती जाड, पोट लहान.

लाल पगडीवाला आला, बोलल्याप्रमाणे, अगदी लेकासारखा. बाई म्हणाली, "शेठ, पिवळा संपला. लोटाभर द्या."

"देतो की, ताई. एका कुपीला एक बकरी."

"पेटी कोंबडीला, आणि कुपी बकरीला?"

"पेटी एकदाच घेतात, ताई. कुपी जन्मभर लागते."

बाईने गोठ्यातली बकरी सोडली. बकरीने दारात मान वळवून विचारलं, "बाई, मी तर तुझ्या लेकीला दूध देत होते. ती पेटी काय देते?" बाईने दावं पगडीवाल्याच्या हातात दिलं.

जाऊ मोठी चतुर. ती म्हणाली, "अगं वेडे, कुपी कशाला घेतेस? नवी पेटीच घे! कोंबडीत पेटी आणि वर चार कुप्या आहेर." म्हणून गावाने नव्या पेट्या घेतल्या, जुन्या उकिरड्यावर टाकल्या. गावाबाहेर लाल पेट्यांचा ढीग झाला. पण लबाडाशी लबाडी करायला त्याच्याहून लबाड असावं लागतं. पुढच्या खेपेला पेटीबरोबर आहेराच्या ज्या कुप्या आल्या, त्या शिंप्याच्या बोटातल्या अंगुस्तानाएवढ्या.

एकदा देवळाच्या पुजाऱ्याकडून काम आलं. पांढऱ्यावर नुसती काळी किनार हवी होती. बाईला हायसं वाटलं, काळी कुपी भरलेली होती. तिने मूठ फिरवली. मूठ हलेना.

पगडीवाला फेरीला आला तेव्हा म्हणाला, "पिवळी रिकामी आहे ना, म्हणून."

"पण छापायचंय काळं! पिवळा कशाला?"

"चारही पोटं भरलेली असल्याशिवाय ती तोंड उघडत नाही. तिचा स्वभावच तसा."

बाईने दुसरी बकरी दिली.

मग तिने एक दिवस धीर केला. अंगणात लोखंड आणि गूळ मुरवला, तिच्या आईने शिकवला होता तसा काळा केला आणि रिकाम्या कुपीत ओतला. पेटीने कुपी हुंगली म्हणा की चाखली म्हणा, पण खाडकन जबडा मिटला. तो उघडायलाही पगडीवालाच लागला, आणि त्याची बिदागी म्हणून तिसरी बकरी गेली. गोठा रिकामा झाला.

ती रडत घोंगडीवाल्याला शोधायला निघाली. तीन गावं ओलांडून तो भेटला. ओसरीवर वाती वळत बसला होता.

"दादा, तुमची काळी पेटी मला द्या. घर विकते, पण गाय आणते."

घोंगडीवाला म्हणाला, "पोरी, ती कुणी घेतली नाही. मग मी मोडली. तिची चाकं रहाटाला लावली, फळ्यांची गव्हाण केली. आणि ती असती तरी तू तिच्यात काय ओतणार होतीस? तुमच्या गावाचा रांजण आहे का?"

बाई परत आली. पंचक्रोशीत सगळीकडे विचारलं. एकाही गावाचा रांजण उरला नव्हता. साऱ्यांकडे लाल पेट्या होत्या.

शेवटी तिच्या घरात द्यायला काही राहिलं नाही. ठसे जळालेले. लुगडी छापली नाहीत तर दाणा नाही. पगडीवाला ओट्यावर टेकला, इकडे-तिकडे पाहिलं आणि त्याची नजर मुलीवर थांबली.

"ताई, माझ्या रंगकोठीत लहान हात लागतात. कुपीचा गळा अरुंद, मोठा हात आत जात नाही. वर्षभरासाठी हिला पाठवा. वर्षभर चारही कुप्या तुमच्या दाराशी येतील."

"नाही," आई म्हणाली. "या हातांसाठी तर मी पेटी घेतली."

"मग राहू द्या," तो उठला. "उपाशीपोटी स्वच्छ हात, तेही चांगलंच."

आईने मुलीकडे पाहिलं. मुलीच्या गालाची हाडं दिसत होती. आदल्या दिवसापासून चूल पेटलेली नव्हती. आईने मुलीची वेणी घातली, पुन्हा सोडली, पुन्हा घातली. मग तिला गाडीत बसवलं.

मुलीने विचारलं, "आई, तिथे चुना असतो का ग?"

"नसेल, बाळा."

"मी हात धुऊनच परत येईन."

गाडी गेली. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज वळणावर बंद झाला. आई तिथेच उभी राहिली.

बोलल्याप्रमाणे कुप्या दारात येऊ लागल्या. वर्ष सरलं, मुलगी आली नाही. पगडीवाला म्हणाला, "तिच्या जेवणाचं देणं फिटायचंय अजून." दुसरं वर्ष सरलं. तेव्हाही त्याने हेच सांगितलं.

एकदा आईने पिवळी कुपी उघडायला घेतली. तोंडावर मेणाची मोहर होती, ओलं असताना कोणीतरी अंगठ्याने दाबलेली. अंगठा लहान होता. मेणात त्याच्या रेघा उमटल्या होत्या, आणि रेघांच्या मधोमध एक इवलीशी कोयरी.

आईने मोहर गालाशी धरली. मेणाला चुन्याचा वास येत होता. मेणाच्या फटीत पिवळा, तांबडा, निळा, काळा असे चारही रंग अडकलेले होते. त्या हाताला आता कोणतं पाणी स्वच्छ करणार?

तिला वाटलं मोहर तशीच ठेवावी, कुपी उघडूच नये. पण पिवळी नसेल तर पेटी तोंड उघडत नाही, पेटीने तोंड उघडलं नाही तर लुगडं नाही, आणि लुगडं नाही तर पोरगी परत येईल तेव्हा तिला वाढायला घरात दाणा नाही. दुपार टळेपर्यंत ती कुपी मांडीवर घेऊन बसली, मूल घेऊन बसावं तशी. मग तिने नखाने मोहर फोडली. कोयरीचे दोन तुकडे झाले. कुपी पेटीत घातली आणि मूठ फिरवली.

पेटी पोटभर खाऊन सुरळीत चालू लागली.

तात्पर्य: वस्तू घरात आणताना तिची किंमत मागाहून विचारावी, आधी विचारावं की तिची भूक केवढी आहे आणि तिचा घास कोणाच्या हातात आहे.