प्रधानजींचं सरळ करायचं बटण

"प्रधानजींनी आजवर कोडची एक ओळही लिहिलेली नाही, हे त्यांच्याच तोंडून भर दरबारात वदवून दाखव! जमलं तर तुझी दुरुस्ती मंजूर. नाही जमलं, तर एडिटरमधून तुझं नाव कायमचं बाद!"

हेकटपूरच्या झुंजारराजाने बनूला हुकूम सोडला. ढोलेपंत प्रधान आणि स्वतःच्या तोंडाने असलं काही कबूल करणार? भलतंच!

ही बनू म्हणजे राजवाड्याच्या दारात ललकारी देणाऱ्या भालदाराची लेक. हेकटपूरचं सगळं राज्य कोडवर, म्हणजे यंत्रांना लिहून दिलेल्या सूचनांवर चाले. कालव्याचं पाणी, जकातनाके, हत्तींचा चारा, सगळं! तो कोड लिहायच्या एडिटरचं नाव होतं 'बोरू'. बोरू ओपन सोर्स, म्हणजे सगळ्या रयतेचा. कुणीही यावं, त्यातलं बिघडलेलं दुरुस्त करून पाठवावं. फक्त ती दुरुस्ती मंजूर करायचं काम ढोलेपंतांकडे. म्हणजे बसा बोंबलत!

बोरूत लिहिलेला कोड उमटे वाकडातिकडा. एक ओळ कडेला चिकटलेली, तर दुसरी पार मधोमध. मग 'फॉरमॅट'चं बटण दाबलं की सगळ्या ओळी सरळ रांगेत येत. आता यातली गंमत बघा. प्रत्येक ओळीशेजारी, तिला शेवटचा हात कुणी लावला, त्याचं नाव दिसे. पंतांनी हे बरोबर हेरलं. दिवसभर बनूसारख्या पोरांनी घाम गाळून कोड लिहायचा आणि संध्याकाळी पंतांनी पान चघळत बटण दाबायचं. ओळ बोटभर सरकली, की लिहिणाऱ्याचं नाव गुल आणि ढोलेपंतांचं हजर!

राजा बघे तर जिकडेतिकडे ढोलेपंत. "केवढा राबतो हो हा माणूस!" म्हणून त्याने पंतांना शाली दिल्या, कडं दिलं, वर पालखी दिली. पालखी दारात आली की बनूचा बाप ललकारी देई आणि बनू आत दातओठ खाई.

शेवटी तिने बोरूच दुरुस्त केला. लिहिताक्षणीच ओळ आपोआप सरळ बसेल, दुसऱ्या कुणी हात लावायलाच नको! लिहिणाऱ्याचं नाव तिथंच राहील. दुरुस्ती पंतांकडे गेली. पंत म्हणाले, "बघू." पुन्हा पाठवली, तर म्हणाले, "घाई काय आहे?" आणखी एकदा पाठवली, तेव्हा "कल्पना चांगली आहे" असा शेरा मारून त्यांनी ती बंदच करून टाकली. मग बनू तडक राजाकडे गेली. पंतांनी तिथंही कांगावा केला, "ही पोरगी माझ्यावर जळते, महाराज!" आणि राजा पडला हेकट. त्याने हा असला हुकूम काढला.

दुसऱ्या दिवशी दरबार खच्चून भरला. पंत नवी शाल पांघरून आले. बनू उठली. आवाज तिने चांगला मऊ लावला.

"महाराज, माझं चुकलं. सगळ्या ओळी प्रधानजींच्याच."

"एवढ्यात हरलीस?" राजाचा हिरमोडच झाला.

"हरले, महाराज. जाता जाता प्रधानजींच्या हातचं थोडं वाचून दाखवू का? दरबारालाही कळू दे त्यांची हुशारी!"

पंत खुलले. "वाच, वाच! कुठलंही वाच!"

"हत्तींच्या चाऱ्याचा कोड वाचते. तो आपलाच ना, प्रधानजी? मागाहून नाही म्हणायचं नाही हं!"

"म्हणजे काय! अक्षर न् अक्षर माझं!"

आता कोडच्या मध्ये काही ओळी माणसांनी माणसांसाठी लिहिलेल्या असतात. यंत्र त्या वाचतच नाही. पंतही वाचत नसत. बनूने तसलीच एक टीप पडद्यावर आणली. शेजारी ठळक नाव, ढोलेपंत! आणि तिने खणखणीत आवाजात वाचलं,

"महाराजांचा हुकूम आहे, प्रत्येक हत्तीला रोज एक मूठ चारा. हुकूम बिनडोक आहे. पण राजा हट्टी, त्याला सांगणार कोण? म्हणून खालच्या ओळीत गुपचूप हजाराने गुणलं आहे."

राजाच्या मिशा थरथरू लागल्या.

"ढोलेपंत! मी बिनडोक?"

"अयाई गं! महाराज, मी नाही!"

"अहो, अक्षर न् अक्षर तुमचं ना?" बनूने विचारलं.

"नाही हो, नाही!" पंतांनी राजाच्या पायांवर लोळण घेतली. "एक अक्षर माझं असेल तर जीभ झडो! एक ओळही मी लिहिलेली नाही, महाराज! मला कोड येतच नाही! मी नुसतं बटण दाबतो!"

दरबारात खसखस पिकली. पण राजा हसला नाही. त्याने डोळे बारीक करून बनूकडे पाहिलं.

"पैज जिंकलीस. आता सांग, हे लिहिलं कुणी? तूच ना?"

बनूने हात जोडले.

"कसं सांगू, महाराज? लिहिणाऱ्याचं नाव इथंच होतं, ते प्रधानजींनी बटण दाबून घालवलं. माझी दुरुस्ती वेळेवर मंजूर झाली असती, तर चोर आज आयता सापडला असता!"

राजा असा काही खदखदून हसला की मुकुट घरंगळत थेट पंतांच्या पाठीवर आदळला!

"मंजूर! आत्ताच्या आत्ता मंजूर!" डोळे पुसत राजा म्हणाला. "आजपासून बोरूचा कारभार हिच्याकडे, पालखी हिच्या बापाला! आणि पंतांनी रोज हत्तींना स्वतःच्या हाताने चारा घालायचा. एकेक मूठ करून!"

मग तो जरासा पुढे वाकला आणि हळूच म्हणाला, "आणि पोरी, ते हजाराने गुणलेलं मात्र तसंच राहू दे हं!"