पोटरीएवढा बर्फ

फार पूर्वी डोंगरातल्या एका गावात बर्फ फार तर पोटरीपर्यंत चढे. गावच्या कोठारात बर्फ उडवणारी दोन यंत्रं होती, एक अवाढव्य आणि एक चिमुकलं.

एका सकाळी सुईण आंगमो धावत आली. पद्माला कळा सुरू झाल्या होत्या आणि तिच्या घराची वाट बर्फाने बुजली होती. घाईत आंगमोने मोठं यंत्र निवडलं.

"बघत बस, खेळण्या," मोठं गुरगुरलं.

पण त्या गावात हिवाळ्याचं सरपण गल्ल्यांच्या दोन्ही भिंतींशी रचत, त्यामुळे मधे अरुंद वाटच उरे. पद्माच्या गल्लीच्या तोंडाशीच ओंडक्यांना अडून मोठं यंत्र मागे फिरलं. मग आंगमोने चिमुकल्याला आत घातलं आणि त्याच्यामागून वेळेत पद्माच्या दारात पोचली.

दुपारी बाळाचं रडणं कोठारापर्यंत आलं.

"छातीएवढा बर्फ हटवशील का रे?" मोठ्या यंत्राने विचारलं.

"नाही, दादा. पण इथे तो पडतो कुठे?"