नदीसाठी वाकडी वाट

एका राज्यात, डोंगराच्या पोटात कोरलेला एक गड होता. त्या गडात कोठारे होती, शस्त्रशाळा होती. नव्हते ते फक्त पाणी; पावसाचे एक टाके, तेवढेच. पाणी तटाबाहेर, खालच्या नदीत.

एका उन्हाळ्यात एक जादूगार वेशीशी आला आणि ओंजळभर पाणी मागू लागला. राजा केसरीध्वजाने त्याच्यादेखत ते पाणी घोड्यापुढे ठेवले. जादूगार म्हणाला, "यापुढे या गडातला जो कोणी पाण्यासाठी बाहेर पडेल, तो बगळा होईल. नदी आपल्या पावलांनी, पाहुणीसारखी, राणीच्या मुदपाकखान्यात येईल, तेव्हाच शाप सुटेल."

गुन्हा राजाचा, तहान साऱ्या गडाची! पाणके गेले, बगळे झाले. शिपाई गेले, बगळे झाले. प्रधानमंडळ रोज सभा भरवी, आणि पावसाच्या टाक्यातला पहिला घडा त्या सभेलाच लागे. अखेर राजाला लाज वाटली. घागर घेऊन तो स्वतः उतरला. राणी हेमांगिनीने तटावरून पाहिले: घागर खडकावर गडगडत गेली आणि राजाच्या जागी एक पांढरा पक्षी एका पायावर उभा राहिला.

तो रोज सांजेला तिच्या खिडकीत येई. त्याला बोलता येई. पण रोज माणसाच्या बोलीतला एकेक शब्द त्याच्यापासून गळून पडे. पदव्या गेल्या. रागाचे शब्द गेले. 'घोडा' आठवेना, तेव्हा राणी हसली. 'घर' आठवेना, तेव्हा हसली नाही.

"आणि माझे नाव?"

"हेमांगिनी."

एवढे ऐकले की तिला झोप लागे. ते नाव गळण्याआधी नदी आत आणायची, असे तिने ठरवले.

तिने नागोजी पाथरवटाला बोलावले. तीन कामे होती. पहिले, मुदपाकखान्याखाली खडकात हौद खोदणे आणि वर त्याला विहिरीसारखे तोंड ठेवणे. दुसरे, डोंगरामागे नदी जिथे मुदपाकखान्याच्या पातळीवर वाहते, हौदापासून तिथपर्यंत भुयार नेणे. तिसरे, नदीकाठची शेवटची भिंत फोडणे. गडावरच्या पाथरवटांना सरळ रेषेचा मोठा अभिमान. नागोजीने भुयार असे नेले की एका टोकाला लावलेला दिवा दुसऱ्या टोकाहून दिसावा.

शेवटचा घाव राजाचा, हा गडाचा रिवाज. राजा बगळा, म्हणून तो मान प्रधानाने घेतला. त्याने घाव घातला मात्र, नदी सरळ वाटेने चवताळून आली. हौद भरला, विहिरीचे तोंड फुटले, आणि प्रधानजी पागोट्यासकट भुयारातून वाहत येऊन, वर उसळून थेट चुलीवर बसले. कोठारात गुडघाभर पाणी. भुयाराच्या तोंडाशी बसवलेली दगडी झडप पाडली, तेव्हा गड वाचला.

"नदी आली की, राणीसरकार!" नागोजी धापा टाकत म्हणाला.

"दरोडेखोरासारखी आली, काका. पाहुणी अशी येते?"

त्या सांजेला तिने बगळ्याला विचारले, "महाराज, नदीला कसे चालायला आवडते?"

त्याने बराच वेळ शब्द शोधला. "वाकडे," तो म्हणाला.

नागोजी संतापला. "सात पिढ्यांत आमची रेघ ढळली नाही. लोक म्हणतील, म्हातारा पिऊन खोदत होता."

"म्हणा, राणीने पाजली होती."

म्हातारा ओठ मुडपून हसला आणि कामाला लागला. जुने भुयार बुजवले. नव्याला एक वळण दिले, दुसरे दिले, तिसरे दिले. प्रत्येक वळणावर पाण्याने कातळाला टक्कर द्यावी आणि जोर गमवावा. पण काम लांबले. एका सांजेला राणीने नाव विचारले. बगळ्याने मान तिरपी केली, तिच्याकडे पाहिले आणि काही न बोलता उडून गेला. ती खिडकी उघडीच ठेवून बसली.

शेवटच्या घावाचा मान घ्यायला या खेपेला कोणी पुढे येईना. राणी एकटी भुयारात शिरली. उरलेल्या पातळ कातळावर तिने हातोडीने ठोकले. पलीकडून ठकठक आली. तिने पुन्हा ठोकले. पुन्हा चोच वाजली. मग कातळाचा पापुद्रा पलीकडून फुटला, आणि रिवाज पाळला गेला.

पाणी आले. पहिल्या वळणावर गरजले, दुसऱ्यावर कुरकुरले, तिसऱ्यावर गप्प झाले. राणी पुढे, नदी मागे. हौद भरला, विहिरीच्या काठाखाली हातभर येऊन पाणी थांबले. राणीने त्याला हळदकुंकू वाहिले.

वेशीतून माणसे आत येऊ लागली, ओली, केसांत पिसे अडकलेली. सर्वांत मागे राजा. शापाने रूप परत केले. गळालेले शब्द परत करण्याचे त्यात कलमच नव्हते. राणीने वेशीशी येऊन त्याला पाण्याचा गडू दिला. त्याने तो तोंडाला लावला नाही. तिथेच सुकलेल्या ओठांनी उभ्या असलेल्या द्वारपाळापुढे धरला. प्रधानमंडळाने ते पाहिले, आणि गडातला पहिला घडा सभेला जाणे त्या दिवसापासून बंद झाले.

मग राजा विहिरीच्या काठावर तिच्याशेजारी बसला, परक्या बाईपासून बसावे तेवढे अंतर ठेवून.

"मी हेमांगिनी," ती म्हणाली.

"हेमांगिनी," तो म्हणाला. जपून, नवे नाव प्रथमच उच्चारावे तसे.

राणीने डोळे पुसले आणि त्याला ते पुन्हा म्हणायला सांगितले.