कणगीवरच्या चुन्याच्या रेघा

ही गोष्ट खरं तर मी सांगायची नाही. गोष्टीतला व्यापारी आमच्याच घराण्यातला होता म्हणतात, आणि त्याची फजिती बाहेर सांगू नका असं काकांनी आम्हा मुलांना बजावलंय. पण मला तो त्या फजितीमुळेच आवडतो, म्हणून सांगते.

घरोघरी बांबूच्या कणग्यांत धान्य साठवायचे त्या काळी, डोंगराच्या पायथ्याशी एका गावात एक लिंपणारी राहत होती. कणगी म्हणजे माणसाच्या उंचीची विणलेली टोपली. तिच्या फटींतून उंदीर शिरू नयेत, धान्याला सोंडे किडे लागू नयेत, म्हणून ती नीट लिंपावी लागे. ही बाई माती, शेण, राख आणि कसकसला पाला कालवून असं लिंपण करी की किडा जवळ फिरकत नसे.

पण किडेही हुशार. एका वासाला सरावले की पुन्हा येत. म्हणून ती दर दोन महिन्यांनी घरोघर फिरे. कणगीला कान लावून आत काही कुरकुरतंय का ते ऐके, आणि नवा पाला घालून वरून नवा हात फिरवी.

कान लावताना ती बोटाने टिचकी मारी. त्या आवाजावरून कणगी किती भरलेली आहे तेही तिला कळे. कोणाची ज्वारी सरत आली, कोणी लग्नासाठी गहू राखून ठेवलाय, सगळं तिला ठाऊक असे. पण ते तिने कधी नवऱ्यालाही सांगितलं नाही. गाव तिला लिंपणमावशी म्हणे.

त्याच गावात एक बाई सगळ्यांचं बियाणं सांभाळी. तिला बीजाक्का म्हणत. सुगी झाली की प्रत्येक घर आपलं बी तिच्या सात कणग्यांत आणून ठेवी. ते नासलं, तर पुढच्या वर्षी गावात पेरायला दाणा नाही. बीजाक्काचं लक्ष बारीक होतं, पण बोलणं कमी. चार माणसांत बोलायची वेळ आली की ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसे.

पुढे मावशीचे गुडघे दुखू लागले. त्यातच पलीकडच्या मुलखातून लाल डोक्याचा नवा सोंडा येतोय अशी बातमी आली. त्याच्यावर चालणारी झाडाची साल फार लांबच्या रानात मिळे. तेवढ्यात पेठेतल्या एका बड्या धान्य-व्यापाऱ्याचा निरोप आला. “तुझं काम मी विकत घेतो. माझ्या वीस गाड्या आहेत, हवी ती साल आणवीन. माणसंही माझी. तू फक्त शिकवायला राहा.”

मावशी हो म्हणाली.

बातमी तेलाच्या घाण्यापाशी फुटली.

“ऐकलंत का? आपली मावशी पेठेच्या शेटजींनी घेतली.”

“घेतली? ती काय म्हैस आहे?” तेलीणबाई म्हणाली.

“मावशी नाही हो, तिचं काम घेतलं. आता लिंपायला शेटजींची माणसं येणार.”

गवळीदादा तावातावाने उठला. “म्हणजे आपलं धान्य घेणारा तोच, देणारा तोच, आणि आता आपल्या घरात घुसून टिचक्या मारणाराही तोच! मी आजच खरवडतो माझी कणगी. नको त्यांचं लिंपण.”

“एवढा मोठा माणूस तो,” सुतारमामा म्हणाले. “त्याला तुझ्या दोन पायली ज्वारीशी काय करायचंय?”

“मामा, तुमच्या घरी ज्वारी असती तर तुम्हीपण घाबरला असतात.”

सगळे हसले. बीजाक्का एका बाजूला उभी राहून ऐकत होती.

गवळीदादाने खरंच कणगी खरवडली. महिन्याभरात त्याच्या ज्वारीचा भुगा झाला. बिचारा रोज चाळणी घेऊन अंगणात बसे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणे, “हवा देतोय जरा ज्वारीला.”

मग शेटजींची माणसं आली. काम झटपट करत, बोलायलाही गोड. बीजाक्काच्या सातही कणग्या त्यांनी एका सकाळी लिंपल्या. जाताना मुकादमाने, इतर घरांत केलं तसंच, टिचक्या मारत कणग्यांवर चुन्याच्या बारीक रेघा ओढल्या.

“या कशाच्या हो, दादा?” बीजाक्काने विचारलं.

“किती माती लागली त्याची खूण, आक्का. पुढच्या खेपेला बरं पडतं.”

माणसं गेली. बीजाक्का रेघा बघत राहिली. सातही कणग्या एकाच मापाच्या. मग एकीवर पाच रेघा, दुसरीवर तीन, आणि कोपऱ्यातल्या रिकाम्या कणगीवर एकसुद्धा नाही, असं का? तिने झाकण उघडून हात घातला. पाच रेघांची कणगी काठोकाठ होती. तीन रेघांची निम्म्याच्या थोडी वर.

गावात बी किती आहे ते पेठेत कळलं, आणि पेरणीच्या तोंडाशी ते कमी पडलं, तर शेटजी मागतील तो भाव द्यावा लागणार. पण लिंपण खरवडावं, तर लाल डोक्याचा सोंडा शेजारच्या गावापर्यंत आला होता. खरवडलं तर बी जाणार. गप्प बसलं तर गाव शेटजींच्या मुठीत जाणार.

ती रात्रभर तळमळली नाही, कारण तिला तेवढा वेळच नव्हता. मुकादम दुपारी पेठेत पोचणार होता. तिने तेलीणबाईला हाक मारली, तेलीणबाईने गल्लीतल्या बायांना, आणि सतरा बाया आणि चाळणीसकट गवळीदादा शेटजींच्या पेढीवर जाऊन उभे राहिले.

शेटजी गादीवर बसले होते. मावशी खाली बसून नव्या माणसांना पाला ओळखायला शिकवत होती.

“या, या! लिंपण आवडलं ना?” शेटजी म्हणाले.

सगळ्यांनी बीजाक्काकडे पाहिलं. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

“लिंपण चांगलं आहे, शेटजी. रेघा कशाच्या आहेत?”

“मातीच्या. किती लागली त्याच्या.”

“मग माझ्या रिकाम्या कणगीला माती लागली नाही का? तीही तेवढीच मोठी आहे.”

शेटजींनी मुकादमाकडे पाहिलं. मुकादम छताकडे पाहू लागला.

“अहो बाई,” शेटजी हसले, “मला कळलं म्हणून बिघडलं काय? ज्याच्याकडे कमी असेल त्याला मी धान्य पाठवीन. सोयच आहे की तुमची.”

“पाठवाल,” बीजाक्का म्हणाली. तिचा आवाज कापत होता. “पण आमच्याकडे काहीच नाही हे आधी कळल्यावर, भाव तोच ठेवाल का?”

शेटजींचे कान लाल झाले.

तेव्हा मावशी गुडघ्यावर हात टेकून उठली. “शेटजी, मी तुम्हाला माझी माती दिली, पाला दिला, हातातली कला दिली. लोकांच्या घरातलं माझ्या कानात राहिलेलं दिलं नव्हतं. ते माझं नव्हतंच.”

“दार उघडतात म्हणून लिंपता येतं,” तेलीणबाई म्हणाली. “उद्या कोणी दारच उघडलं नाही, तर वीस गाड्या माती काय अंगाला फासणार?”

मुकादमालासुद्धा हसू आलं. शेटजी माणूस वाईट नव्हता. मिळतंय ते घ्यायची त्याला सवय होती, आणि नको घेऊ असं त्याला आजवर कोणी तोंडावर सांगितलं नव्हतं.

“बरं,” ते शेवटी म्हणाले. “काय करू, सांगा.”

बीजाक्काने सांगितलं. टिचकी मारायची आणि कान लावायचा, ते घरच्या माणसानेच. मावशीने प्रत्येक घरात एकाला ते शिकवावं. शेटजींच्या माणसांनी फक्त लिंपावं. आणि एका कणगीपुरतं लिंपण कालवायलाही मावशीने सगळ्यांना शिकवावं, म्हणजे उद्या नाही पटलं तर खरवडून भुग्यात बसायची पाळी येणार नाही.

“असं शिकवलं तर माझ्याकडे येणार कोण?” शेटजी कळवळले.

“येतील हो,” मावशी म्हणाली. “शेण कालवायचा कंटाळा सगळ्यांनाच असतो.”

दुसऱ्या दिवशी मुकादम स्वतः ओलं फडकं घेऊन घरोघर फिरला आणि रेघा पुसून गेला. शेटजीही आले होते. गवळीदादाच्या अंगणात आपली चूक कबूल करताना त्यांचा पाय चाळणीत अडकला आणि ते शेणाच्या पाटीत बसले, ते वेगळंच.

त्या वर्षी लाल डोक्याचा सोंडा आलाच. शेटजींच्या गाड्या लांबच्या रानातून साल घेऊन वेळेवर आल्या. एकट्या मावशीला ते कधीच जमलं नसतं. घरोघरी पोरं, बाया, म्हातारे कणगीला कान लावून बसले आणि जरा कुरकुर ऐकू आली की निरोप धाडू लागले. बीजाक्काच्या कणग्यांतलं बी शाबूत राहिलं. गवळीदादालाही तिने त्याच्या वाट्याचं दिलं, आणि गावाची पेरणी एकही वाफा न सोडता पार पडली.

तात्पर्य: आपलं घर राखणाऱ्याचा धनी बदलला, तर घाबरून राखण मोडू नये आणि भिडेने गप्पही बसू नये. समोर जाऊन विचारावं, आणि किल्लीएवढं ज्ञान आपल्या हाती ठेवावं. आणि मला वाटतं, विचारताना आवाज कापला तरी चालतो, कारण ऐकणाऱ्याला आवाजापेक्षा प्रश्नच जास्त टोचतो. थांबा, आत्या हाक मारतेय.

आले गं आत्या, आलेच!