पाचपैकी दीड

"मंग हे बंद काहून नाही करत तू?"

"बंद केलं तर जाईल, भंतेजी."

"काय जाईल?"

"सगळंच."

भंते धम्मसार जरा सावलीकडे सरकले. डोंगराच्या पायथ्याला त्यांचा छोटासा विहार होता, आणि दुपारचं ऊन आता त्याच्या ओसरीवर चढलं होतं. समोर चटईवर हर्षदीप गजभिये बसला होता. येताना त्याने पेढ्यांचा डबा आणला होता. बारानंतर भिक्खू काही खात नाहीत हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं, तरी विसरला. डबा तसाच बाजूला पडला होता.

त्याच्या मांडीवर एक खेळाचं यंत्र होतं. दोन्ही हातांत धरायचं, मध्ये पडदा, बाजूंना बटणं. त्यातून निघालेली वायर पॉवर बँकेत गेलेली. ती वायर सुटू नये म्हणून तालुक्यापासून इथवर त्याने मोटारसायकल एखाद्या बाळंतिणीला घेऊन जावी तशी जपून चालवली होती.

"अंशुलचं आहे," तो म्हणाला.

"ओळखलं मी."

अंशुल म्हणजे हर्षदीपचा धाकटा भाऊ. त्याला सिकलसेल होता, रक्ताचा जन्माचा आजार. हाडं ठणकायला लागली की पोरगं उशी दाताखाली धरायचं. बरं असलं की रविवारी आईच्या स्कूटीवर मागे बसून विहारात यायचं. वंदनेला जातो, असं हर्षदीप समजत होता. दिवाळी संपता संपता अंशुल गेला, आणि मग आईने सांगितलं की तो भंतेजींकडे जपानी अक्षरं शिकायला जात होता. भंतेजी तरुणपणी बरीच वर्षं तिकडच्या एका मठात राहून आले होते. त्या भाषेचा गावात कुणाला काडीचा उपयोग नव्हता. तो या पोराला झाला.

आणि त्याला अक्षरं हवी होती ती या खेळासाठी.

खेळ जपानी. एक भुयार, मजल्यामागून मजले खाली जाणारं. वाटेत राक्षस. राक्षसाला मरणाच्या दारापर्यंत मारायचं, मग जाळं टाकून पिंजऱ्यात घालायचं. पिंजऱ्यातला राक्षस पुढे आपल्या बाजूने लढतो. तो मेला की मेला, पुन्हा मिळत नाही. कुठेकुठे एखादा दिवा लागतो. दिव्यापाशी पोचलात तर तिथवरचं सगळं जपून राहतं. दोन दिव्यांच्या मध्ये यंत्र बंद पडलं तर मधलं सगळं पाण्यात.

या खेळाबद्दल जितकी तोंडं तितकी मतं होती. निम्मी दुनिया म्हणायची, असा खेळ झाला नाही. निम्मी म्हणायची, हा खेळ नाही, शिक्षा आहे. आई म्हणायची, यानेच माझं पोरगं खाल्लं. दवाखान्यातली सिस्टर म्हणायची, हा हातात असला की पोरगं मुकाट्याने सुई टोचू देतं.

आणि हर्षदीपचं मत तर जगजाहीर होतं. खेळांबद्दल बोलायचं त्याचं चॅनल होतं, ऐकणारेही पुष्कळ. उचलली जीभ लावली टाळ्याला, हा त्याचा धंदाच. अंशुलचं यंत्र एका दुपारी उचलून नेऊन तो हा खेळ कसाबसा दोन तास खेळला. एक अक्षर वाचता येत नव्हतं. मग कॅमेऱ्यासमोर बसून म्हणाला, "ज्याला दिवसभर खाटेवरच पडून राहायचंय, त्याच्यासाठी झक्कास आहे. बाकीच्यांनी पैसे वाचवा. पाचपैकी दीड."

मधे एक विटेची भिंत होती. भिंतीपलीकडे अंशुल खाटेवर होता.

त्यावर अंशुल त्याला कधी एक शब्द बोलला नाही. हर्षदीपनेही विषय काढला नाही. आणि आज एवढं सगळं सांगताना ही गोष्ट त्याने भंतेजींना सांगितली नाही.

तो एवढंच म्हणाला, "शेवटचं दवाखान्यात नेलं तेव्हा हे त्याच्या हातात होतं. तेव्हापासून पडद्यावर हेच आहे. काहीतरी विचारून राहिलं ते. मी एक बटण दाबलं नाही. घरी लाइट गेली की शेजारच्या इन्व्हर्टरवर लावतो."

"तुह्या फोनवर वाचता येते म्हणतात."

"तीनदा पाहिलं. तीनदा वेगळंच सांगितलं त्यानं. अक्षरं जुनी आहेत, ठिपक्याठिपक्यांची." तो थांबला. "आणि भीती वाटली, भंतेजी."

भंतेजींनी चष्मा पुसला. यंत्र वायरसकट जवळ ओढलं.

पडद्यावर एक राक्षस होता. नुसता जबडा. डोळे नाहीत, कान नाहीत, हात नाहीत. दातांच्या दोन रांगा आणि हिरडीत रुतलेला भाला. व्हिडिओत याच राक्षसावर हर्षदीप पोट धरून हसला होता.

"याला भुकेला जबडा म्हणतात," तो म्हणाला. "पहिल्याच मजल्यावर भेटतो. अगदी फालतू."

"ते जातीचं नाव झालं. वर दुसरं लिहिलं आहे. खेळणाऱ्यानं ठेवलेलं."

"काय?"

भंतेजींनी अक्षरावर बोट ठेवलं. मग दुसऱ्या अक्षरावर.

"दा... दा."

ओसरीखाली एक कुत्रं पेढ्यांच्या वासाने घुटमळत होतं. दिवाळीपासून तो या तोंडाकडे बघत होता. जेवताना समोर ठेवायचा, झोपताना उशाशी. आपण कुणाकडे बघतोय ते त्याला आज कळलं.

"मला राक्षस केलं त्यानं."

"त्या भुयारात अजून कोण कोण असते?"

"राक्षसच. आणि खेळणारा... एकटा."

भंतेजी मान खाली घालून वाचत राहिले. पडद्याच्या कडेला लहान लहान पिंजरे होते, आणि त्यांच्यावर काळी रेघ.

"हे बाकीचे?"

"रेघ म्हणजे मेले. नावं काय आहेत त्यांची?"

"ताप. सुई. हा... ठणका. सारे मेले. एक दादाच उरला."

"आणि खाली? ते विचारून राहिलं ते?"

भंतेजींनी ते दोनदा वाचलं. मग सावकाश मराठीत सांगितलं. "याची जखम भरणार नाही. खाली नेलं तर बहुतेक मरेल. सोबत नेता, की इथं सोडता?"

"सोडलं तर?"

"सोडलं तर हा वर उजेडात जाईल, असं आहे. खेळणाऱ्याला पुढं एकट्यानं उतरावं लागेल."

"बाण कशावर आहे? तो लुकलुकणारा."

"'सोडा'वर."

लुकलुकता बाण आपोआप नेहमी पहिल्या उत्तरावर असतो, एवढं त्याला खेळांतलं कळत होतं. पहिलं उत्तर 'सोबत न्या' होतं. म्हणजे तो खाली सरकवला होता. अंशुलने स्वतः, सुया टोचून काळ्यानिळ्या झालेल्या हाताने. सरकवला आणि दाबला मात्र नाही.

"मला वाचवत होता," तो म्हणाला. मग लगेच, "की टाकून देत होता? नको हा संगतीला म्हणून? भंतेजी?"

भंतेजींनी पडद्यावरून नजर काढली नाही.

"तुम्ही त्याले ओळखत होते. सांगा ना जी."

भंतेजींनी यंत्र परत त्याच्या मांडीवर ठेवलं.

"मी दाबू का? त्याचं अर्धं राहिलं आहे. मी पुरं करतो."

"कोणतं दाबशील?"

"सोडा." त्याने बटणावर अंगठा नेला आणि तिथेच थांबला. "नाही. सोबत न्या. मला सोबत न्यायला पाहिजे होतं त्यानं. मेलो असतो तर मेलो असतो. एकटा काहून गेला तो खाली?"

एवढा बोलघेवडा माणूस, पण त्याला पुढे बोलता येईना. तो हमसून हमसून रडला. भंतेजींनी त्याला रडू दिलं. पाण्याचा तांब्यासुद्धा पुढे केला नाही.

बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "हा प्रश्न कोणाले विचारला आहे?"

"खेळणाऱ्याला."

"तो तू आहेस?"

हर्षदीपने पडद्याकडे पाहिलं. जबडा, बाण, वर दोन अक्षरं.

"नाही," तो म्हणाला. "मी पिंजऱ्यात आहे."

"मंग राक्षसाले कोणी विचारलं?"

असं म्हणून भंतेजींनी हात पुढे केला आणि वायर ओढून काढली.

"भंतेजी!"

यंत्राचा लाल दिवा लुकलुकायला लागला. बॅटरी केव्हाच बसली होती. वायर काढल्यावर ते फार तर दोन-चार मिनिटं तग धरायचं. हर्षदीप गुडघ्यांवर उठला. वायर दोघांच्या मध्ये चटईवर पडली होती, हाताच्या अंतरावर. भंतेजींनी ती लपवली नाही, धरूनही ठेवली नाही. ते नुसते बसले होते.

"लावू द्या मला. यात त्याचं शेवटचं आहे."

"लाव ना. कोण अडवते?"

त्याने वायर उचलली. टोक यंत्राच्या भोकापाशी नेलं. लाल दिवा तेवढ्यात दोनदा विझून पुन्हा लागला.

जबडा पडद्यावर उघडा होता, तसाच, दिवाळीपासून उघडा. बाजूला तो बाण 'सोडा'पाशी लुकलुकत होता, आणि कधी एकदा कुणी दाबतं म्हणून वाट बघत होता. हर्षदीपला एकाएकी त्या जबड्याची कीव आली. मग त्या बाणाची. मग त्या पोराची, ज्याचा हात तिथवर गेला होता आणि ज्याला त्यानंतर तो कुणी खाली ठेवूच दिला नव्हता.

त्याने वायर परत चटईवर ठेवली.

पडदा आधी मंद झाला. मग काळा झाला. काळ्या काचेत त्याचा स्वतःचा चेहरा दिसला. तो त्याला बघवेना म्हणून त्याने यंत्र पालथं घातलं.

डोंगरावरून मोहाचा वास येत होता. कुत्रं निघून गेलं होतं. ऊन ओसरीवरून भिंतीपर्यंत सरकलं, तरी दोघांपैकी कुणी उठलं नाही.

"आता काही नाही उरलं," शेवटी हर्षदीप म्हणाला. "वाचवत होता की टाकत होता, आता कधीच नाही कळणार मला."

"हाव. नाही कळणार."

"तुमच्याजवळ काही बोलला असेल ना जी. माझ्याबद्दल. चांगलं नाही तर वाईटच सांगा. पण काहीतरी..."

भंतेजींनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"पाचपैकी दीड दिले म्हणे तू."

हर्षदीपची मान खाली गेली.

"मी त्याले विचारलं, राग नाही आला तुले?"

"मग... काय म्हणाला तो?"

भंतेजींनी पालथं पडलेलं यंत्र उचललं, सुलटं केलं आणि त्याच्या ओंजळीत ठेवलं.

"म्हणे, दादाले अक्षरं कुठं येतात जी. अजून."